कुंटा किंटे, चेरीचे झाड आणि इतिहासाचा पुरावा

महाविद्यालयात असताना एका मित्राने मला ॲलेक्स हॅले यांचे 'रूट्स' वाचायला दिले. मुखपृष्ठ फाटलेले, मधली काही पाने सुटी झालेली. गांबियातील जुफुरे गावचा कुंटा किंटे हा मंडिंका मुस्लिम तरुण ढोल बनवण्यासाठी लाकूड आणायला रानात जातो आणि गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या तावडीत सापडतो. जहाजाच्या तळाशी साखळदंडात पडल्या पडल्या तो अल्लाहचा धावा करतो. अमेरिकेतल्या मळ्यावर गोरा मालक त्याचे नाव 'टोबी' ठेवतो, पण मनातून तो कुंटाच राहतो. उपाशी असतानाही डुकराचे मांस खात नाही. मी ते पुस्तक तीन रात्रींत संपवले. तोवर वाचलेल्या अमेरिकेच्या इतिहासात मुसलमान नावाचा माणूस कुठेच नव्हता. इथे तर तो एका राष्ट्राच्या पायातला दगड होता. पुढे कित्येक वर्षे मी मित्रांना, भाचे-पुतण्यांना कुंटा किंटेची गोष्ट 'खरा इतिहास' म्हणून सांगत राहिलो.

नंतर कधीतरी या पुस्तकावर झालेली टीका वाचनात आली. हॅले यांनी कुंटा किंटेपासून स्वतःपर्यंत जोडलेली वंशावळ कागदपत्रांत टिकत नाही, असे संशोधकांनी दाखवून दिले होते. पहिल्यांदा राग आला. वाटले, आमचा एक नायक उभा राहिला तर तोही यांना बघवत नाही. राग ओसरल्यावर मात्र प्रश्न पडला, की हीच टीका मला न आवडणाऱ्या एखाद्या पुस्तकावर झाली असती, तर मी तिला तत्काळ मान डोलावली नसती का?

त्या प्रश्नामुळे अमेरिकेतील लोकप्रिय इतिहासाची पुस्तके मी वेगळ्या नजरेने वाचू लागलो. विद्यापीठांतले जाडजूड प्रबंध फार थोडे लोक वाचतात. सर्वसामान्य माणूस आपल्या देशाचा भूतकाळ दुकानात विकत मिळणाऱ्या पुस्तकातून, त्यावर निघालेल्या सिनेमातून आणि मुलांच्या क्रमिक पुस्तकातून घेतो. तो भूतकाळ कोणी लिहिला, कशासाठी लिहिला आणि त्यातून कोणाला वगळले, याची अमेरिकेतली कहाणी आपल्यालाही बरेच काही शिकवणारी आहे.

रचलेला प्रामाणिकपणा

जॉर्ज वॉशिंग्टन यांचे निधन डिसेंबर १७९९ मध्ये झाले. मेसन लॉक वीम्स हा धर्मोपदेशक गावोगाव फिरून पुस्तके विकत असे. लोकांना काय वाचायला हवे, हे त्याला नेमके कळत होते. १८०० मध्ये त्याने वॉशिंग्टन यांचे छोटेखानी चरित्र बाजारात आणले. ते धडाधड खपले आणि आवृत्तीगणिक वाढत गेले. १८०६ च्या पाचव्या आवृत्तीत एक नवी गोष्ट आली. लहानग्या जॉर्जने कुऱ्हाडीने वडिलांच्या चेरीच्या झाडावर घाव घातले, आणि वडिलांनी विचारताच खोटे न बोलता सगळे कबूल केले, अशी ती गोष्ट. आपल्याकडेही अनेकांनी ती शाळेत ऐकलेली असते.

याला आधार काय? कुटुंबाशी परिचय असलेल्या एका वृद्ध स्त्रीने सांगितले, एवढाच वीम्सचा दाखला. दुसरा कोणताही पुरावा नाही. मुलांना खरेपणाचा धडा देण्यासाठी शंभर वर्षांहून अधिक काळ सांगितली गेलेली ही गोष्टच बनावट होती. एकोणिसाव्या शतकात मॅकगफी यांच्या वाचनमालेतून ती अमेरिकेतील लाखो मुलांपर्यंत पोहोचली.

कोणी म्हणेल, एवढ्याशा गोष्टीने काय बिघडले? बिघडले ते न सांगितलेल्या गोष्टींमुळे. वॉशिंग्टन यांच्या माउंट व्हर्नन या जहागिरीवर १७९९ मध्ये ३१७ गुलाम होते. त्यांपैकी १२३ जण त्यांच्या स्वतःच्या मालकीचे, बाकीचे बहुतांश त्यांच्या पत्नीकडच्या इस्टेटीचे. आपल्या मालकीच्या गुलामांना मुक्त करण्याची तरतूद त्यांनी मृत्युपत्रात केली, हेही न्यायाने नोंदवले पाहिजे. पण त्या ३१७ माणसांची नावे, कामे, नातीगोती शाळेतल्या मुलांना कोणी सांगितली नाहीत. याच जहागिरीच्या १७७४ च्या करनोंदीत 'फातिमर' आणि 'लिटल फातिमर' अशी दोन नावे आहेत. बहुधा मायलेकी. हा 'फातिमा'चाच अपभ्रंश असावा, असे मानले जाते. कधीही न तोडलेले चेरीचे झाड सगळ्या जगाला ठाऊक झाले आणि कागदावर नाव असलेली फातिमा कोणालाच ठाऊक नाही.

१८७३ : एक वर्ष, तीन नोंदी

महाराष्ट्रात १८७३ हे वर्ष महात्मा जोतीराव फुले यांच्या 'गुलामगिरी'मुळे लक्षात राहते. हे पुस्तक त्यांनी अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केले होते. तिथल्या लोकांनी गुलामांच्या मुक्तीसाठी जो निःस्वार्थ त्याग केला, त्यापासून आपल्या देशबांधवांनी धडा घ्यावा आणि शूद्रांना दास्यातून सोडवावे, ही त्यामागची भावना. पुण्यात बसून समुद्रापलीकडचा इतिहास आपल्या लढ्याशी जोडणारा हा माणूस किती दूरचे पाहत होता, हे आजही थक्क करते.

त्याच १८७३ मध्ये अमेरिकेत काय चालले होते? यादवी युद्ध १८६५ मध्ये संपले होते. तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामी संपवली, १८६८ च्या चौदाव्या दुरुस्तीने नागरिकत्व दिले, १८७० च्या पंधराव्या दुरुस्तीने कृष्णवर्णीय पुरुषांना मताधिकार दिला. दक्षिणेतल्या राज्यांत कालपर्यंत गुलाम असलेली माणसे आमदार, न्यायाधीश, शिक्षणाधिकारी होत होती. १८७० मध्ये हायरम रेव्हल्स हे मिसिसिपीतून निवडले गेलेले पहिले कृष्णवर्णीय सिनेटर ठरले. इतिहासकार एरिक फोनर यांनी या काळातील सुमारे दीड हजार कृष्णवर्णीय पदाधिकाऱ्यांच्या नोंदी एकत्र केल्या आहेत. या कालखंडाला 'रिकन्स्ट्रक्शन' म्हणजे पुनर्रचनेचा काळ म्हणतात.

पण एप्रिल १८७३ मध्ये लुइझियानातील कोल्फॅक्स गावात सशस्त्र गोऱ्यांच्या जमावाने न्यायालयाच्या इमारतीचा बचाव करणाऱ्या कृष्णवर्णीयांची कत्तल केली. शरण आलेल्यांनाही सोडले नाही. चार वर्षांनी, १८७७ मध्ये, केंद्र सरकारने दक्षिणेतला लष्करी आधार काढून घेतला आणि पुनर्रचनेचा प्रयोग मोडीत निघाला. ज्या अमेरिकेला जोतीरावांनी पुस्तक अर्पण केले, तीच आपला शब्द मागे घेत होती.

तिसरी नोंद ओहायो राज्यातल्या एका छोट्या वृत्तपत्रातली आहे. तिच्याकडे नंतर वळू.

पराभूतांचा विजयी इतिहास

लढाईत हरलेल्या दक्षिणेने पुस्तकांत मात्र लढाई जिंकली. विसाव्या शतकाच्या प्रारंभी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात विल्यम डनिंग हे प्राध्यापक पुनर्रचनेच्या काळाचे सर्वात मोठे अभ्यासक समजले जात. त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी जी मांडणी केली ती थोडक्यात अशी : अडाणी गुलामांच्या हाती मताधिकार देणे ही घोडचूक होती, उत्तरेकडून आलेल्या लुटारूंनी त्यांना हाताशी धरून दक्षिण लुटली आणि शेवटी गोऱ्यांनी राज्य 'सोडवले'. १९१३ ते १९१६ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर ज्या विद्यापीठात शिकत होते, तिथेच तेव्हा डनिंग अध्यापन करत होते.

विद्यापीठातली ही मांडणी बाजारात उतरायला वेळ लागला नाही. किंबहुना बाजार तिच्या पुढे धावत होता. टॉमस डिक्सन यांची 'द क्लॅन्समन' ही कादंबरी १९०५ मध्ये आली. तिच्यात कू क्लक्स क्लॅन ही दहशतवादी टोळी तारणहार म्हणून रंगवली होती. १९१५ मध्ये डी. डब्ल्यू. ग्रिफिथ यांनी तिच्यावर 'द बर्थ ऑफ अ नेशन' हा सिनेमा काढला. मूकपटाच्या पाट्यांवर इतिहासाचे दाखले होते, तेही वुड्रो विल्सन यांच्या १९०२ च्या अमेरिकेच्या इतिहासातून घेतलेले. हे विल्सन तेव्हा देशाचे राष्ट्राध्यक्ष होते आणि सिनेमाचा खेळ व्हाइट हाउसमध्ये झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जॉर्जियातील स्टोन माउंटनवर क्लॅनची पुन्हा स्थापना झाली. एका कादंबरीतून सिनेमा झाला आणि सिनेमाने मेलेली टोळी जिवंत केली. इतिहासाच्या पुस्तकाने कोणाचा जीव जात नाही, असे ज्यांना वाटते त्यांनी ही साखळी ध्यानात ठेवावी.

पुढे १९२९ मध्ये क्लॉड बॉवर्स या पत्रकार-राजकारण्याचे 'द ट्रॅजिक इरा' आले. शैली नाट्यमय, पात्रे ठसठशीत, खप प्रचंड. कृष्णवर्णीय मतदार त्यात एकतर हास्यास्पद होता किंवा भीतीदायक. १९३६ मध्ये मार्गारेट मिचेल यांची 'गॉन विथ द विंड' प्रसिद्ध झाली आणि पहिल्या सहा महिन्यांतच तिच्या दहा लाख प्रती गेल्या. कोल्फॅक्समध्ये पुढे सरकारी फलक लागला. त्यावर त्या कत्तलीला 'दंगल' म्हटले होते आणि तिच्यामुळे दक्षिणेतील गैरकारभार संपल्याचे सांगितले होते. तो फलक २०२१ मध्ये काढण्यात आला. कत्तलीला दंगल म्हणणे आणि ज्यांची कत्तल झाली त्यांच्याच माथी दोष मारणे, ही पद्धत वाचकांना ओळखीची वाटली तर नवल नाही.

दुबॉइस यांनी काय केले?

बॉवर्स यांचे पुस्तक गाजत असताना ॲना ज्युलिया कूपर या शिक्षिकेने डब्ल्यू. ई. बी. दुबॉइस यांना पत्र लिहून आग्रह धरला, की याला तुम्हीच उत्तर द्यायला हवे. दुबॉइस हे हार्वर्डमधून डॉक्टरेट मिळवणारे पहिले कृष्णवर्णीय. त्यांनी सहा वर्षांनी, १९३५ मध्ये, सातशेहून अधिक पानांचा 'ब्लॅक रिकन्स्ट्रक्शन इन अमेरिका' हा ग्रंथ दिला.

त्यांना आपल्या लोकांची गौरवगाथा लिहिता आली असती. त्यांनी तसे केले नाही. काँग्रेसच्या चौकशी समित्यांचे अहवाल, राज्यांच्या घटना समित्यांची कार्यवाही, कर आणि कर्जाचे आकडे त्यांनी समोर मांडले. दक्षिणेत सर्वांसाठी मोफत सरकारी शाळांची पद्धत याच 'अडाणी' प्रतिनिधींच्या काळात रुजली, हे दाखवले. भ्रष्टाचार कुठे झाला तेही लपवले नाही. तो उत्तरेतल्या गोऱ्या कारभारातही तितकाच होता, हे सोबत सांगितले. युद्धकाळात लाखो गुलामांनी मळे सोडले, याला त्यांनी सार्वत्रिक संपाची उपमा दिली. शेवटच्या प्रकरणात तर त्यांनी शाळेतली क्रमिक पुस्तके आणि नामवंत इतिहासकारांचे ग्रंथ एकेक करून तपासले आणि कोणी काय वगळले याचा हिशेब मांडला.

त्या पुस्तकाचे स्वागत कसे झाले? अमेरिकन हिस्टॉरिकल असोसिएशनच्या नियतकालिकाने त्याचे परीक्षणही छापले नाही. खप मिचेलबाईंच्या कादंबरीपुढे नगण्य. पण तीस वर्षांनी, नागरी हक्कांच्या चळवळीच्या काळात, नव्या इतिहासकारांना पुनर्रचनेचा फेरविचार करावासा वाटला तेव्हा हाताशी दुबॉइस होते. १९८८ मध्ये एरिक फोनर यांचा 'रिकन्स्ट्रक्शन' हा ग्रंथ आला आणि डनिंग यांची मांडणी विद्यापीठांतून जवळपास हद्दपार झाली. मध्ये ५३ वर्षे गेली. दुबॉइस १९६३ मध्येच वारले होते.

१९४६ मध्ये डॉ. आंबेडकरांनी दुबॉइस यांना पत्र लिहिले होते. कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत त्यांना हवी होती. दुबॉइस यांनी उत्तरही दिले. भावनेच्या बरोबरीने दस्तऐवजाला मान देणारी ही दोन माणसे होती. बाबासाहेबांनी त्या पत्रात मागितला तोही कागदच.

१८७३ ची तिसरी नोंद

आता ओहायोतले ते वृत्तपत्र. मार्च १८७३ मध्ये 'पाइक काउंटी रिपब्लिकन'मध्ये मॅडिसन हेमिंग्ज या सुतारकाम करणाऱ्या माणसाची आठवण छापून आली. आपली आई सॅली हेमिंग्ज ही टॉमस जेफरसन यांची गुलाम होती आणि जेफरसन हेच आपले वडील, असे त्यांनी सांगितले. स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिणारा, आयुष्यभरात सहाशेहून अधिक माणसे गुलाम म्हणून बाळगणारा हा राष्ट्राध्यक्ष.

नामवंत चरित्रकारांनी ही साक्ष शंभर वर्षे उडवून लावली. ड्युमस मलोन यांचे जेफरसनचरित्र सहा खंडांचे आणि पुलित्झर मिळालेले. त्यांनीही ती नाकारली. १९७४ मध्ये फॉन ब्रोडी यांनी ती खरी मानून चरित्र लिहिले. ते तडाखेबंद खपले आणि तज्ज्ञांनी त्याची टवाळी केली. १९९७ मध्ये ॲनेट गॉर्डन-रीड यांनी वेगळा मार्ग घेतला. त्या कायद्याच्या अभ्यासक. न्यायालयात साक्षीपुरावा तपासावा तसा त्यांनी दोन्ही बाजूंचा पुरावा तपासला. गोऱ्या नातवंडांचे म्हणणे पडताळणीशिवाय खरे आणि गुलामाच्या मुलाचे म्हणणे पडताळणीशिवाय खोटे धरले गेले होते, हे त्यांनी दाखवले. पुढच्याच वर्षी झालेल्या डीएनए चाचणीत हेमिंग्ज यांच्या एका वंशजाचा जेफरसन घराण्याच्या पुरुषवंशाशी संबंध जुळला. ती चाचणी एकट्याने टॉमस यांचे नाव सिद्ध करत नाही, पण बाकीच्या पुराव्यांसह पाहता आज बहुतेक इतिहासकार मॅडिसन यांची साक्ष मान्य करतात.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. या प्रकरणात प्रतिष्ठित तज्ज्ञ चुकले आणि दुकानात खपणारे पुस्तक सत्याच्या अधिक जवळ होते. त्यामुळे लोकप्रिय ते खोटे आणि विद्यापीठातले ते खरे, असा सरधोपट नियम करता येत नाही. साक्षीदार कोण आहे हे पाहून साक्ष मोडीत काढली का, हा प्रश्न दोघांनाही विचारावा लागतो.

पुन्हा कुंटा किंटे

'रूट्स' १९७६ मध्ये आले ते कादंबरी म्हणून नव्हे, सत्यकथा म्हणून. जानेवारी १९७७ मध्ये दूरदर्शन मालिका आली आणि तिचा शेवटचा भाग सुमारे दहा कोटी लोकांनी पाहिला. कृष्णवर्णीय कुटुंबांत वंशावळी शोधण्याची लाट आली. हॅले यांनी याआधी माल्कम एक्स यांचे आत्मचरित्र शब्दबद्ध केले होते, त्यामुळे त्यांच्या शब्दाला वजन होते. डनिंग आणि मिचेल यांनी घडवलेली गुलामीची प्रतिमा सर्वसामान्यांच्या मनातून पुसण्याचे काम जेवढे या एका पुस्तकाने केले, तेवढे क्वचितच कोणी केले असेल. हे श्रेय त्यांच्याकडून कोणी काढून घेऊ शकत नाही.

पण दुसरी बाजूही आहे. एप्रिल १९७७ मध्ये लंडनच्या 'संडे टाइम्स'मधून मार्क ऑटावे यांनी जुफुरेच्या ज्या वृद्धाने ही कथा सांगितली त्याच्या साक्षीवरच शंका घेतली. हॅरल्ड कूरलँडर यांच्या कादंबरीतले उतारे पुस्तकात आल्याचे हॅले यांना मान्य करावे लागले आणि १९७८ मध्ये साडेसहा लाख डॉलर देऊन खटला मिटवावा लागला. १९८१ मध्ये गॅरी आणि एलिझाबेथ मिल्स या वंशावळ-अभ्यासकांनी व्हर्जिनियातली कागदपत्रे तपासली. कुंटाला घेऊन आलेले म्हणून सांगितलेले जहाज १७६७ मध्ये ॲनापोलिसला लागले होते, पण मळेवाल्याच्या कागदांत 'टोबी' त्याआधीपासूनच होता.

याचा उपयोग कोणी केला? गुलामीची चर्चाच ज्यांना नको होती त्यांनी. एक वंशावळ चुकली म्हणून सगळीच कहाणी थोतांड, असे म्हणायला त्यांना निमित्त मिळाले. आपल्या बाजूच्या पुस्तकातली एक ढिली वीट विरोधकाला सगळी भिंत पाडायला पुरते. त्यामुळे ती वीट आपणच आधी तपासायला हवी.

सहानुभूतीने लिहिलेल्या इतिहासाचा आणखी एक धोका आहे. डी ब्राउन या ग्रंथपालाचे १९७० चे 'बरी माय हार्ट ॲट वूंडेड नी' हे मूळनिवासींच्या संहाराचे पुस्तक. सरकारी करार आणि बैठकींच्या नोंदींवर उभे असलेले, वाचताना मान खाली घालायला लावणारे. पण ते १८९० च्या हत्याकांडापाशी संपते. ओजिब्वे लेखक डेव्हिड ट्रॉयर यांनी २०१९ मध्ये उत्तरादाखल लिहिलेल्या पुस्तकात म्हटले, की आम्ही तिथे संपलो नाही, आम्ही आजही आहोत. ज्याच्या वाट्याला इतिहासात फक्त मरणे येते, त्याला वाचक हळहळून विसरून जातो. नुसत्या अन्यायाच्या यादीत स्वतःला शोधणाऱ्या प्रत्येक समाजाने ट्रॉयर यांचे म्हणणे ऐकले पाहिजे.

कागदावरचे दोघे

मग कुंटा गेल्यावर माझ्या हाती काय उरले? शोधू लागलो तेव्हा कळले, की बरेच काही उरले आहे.

सेनेगांबियातल्या बुंडू प्रदेशातील अय्यूब सुलेमान डियालो हा इमामाचा मुलगा. १७३१ च्या सुमारास पकडला गेला आणि त्याच ॲनापोलिस बंदरावर उतरवला गेला. मेरीलँडमधल्या तंबाखूच्या मळ्यातून पळाला, तुरुंगात पडला. टॉमस ब्लुएट या वकिलाने त्याला तिथे पाहिले. त्याने अरबीत दोन ओळी लिहून वाचून दाखवल्या, त्यात अल्लाह आणि मुहम्मद हे शब्द ऐकू आले, दारूचा पेला त्याने नाकारला, तेव्हा लोकांना कळले की हा मुसलमान आहे. वडिलांना लिहिलेल्या त्याच्या अरबी पत्रामुळे सुटकेची वाट निघाली. लंडनमध्ये त्याने कुरआनच्या प्रती निव्वळ स्मरणातून लिहून काढल्या. १७३४ मध्ये तो मायदेशी परतला. त्याच वर्षी ब्लुएट यांनी त्याची हकिगत छापली. विल्यम होअर यांनी रंगवलेले त्याचे चित्र आजही आहे, गळ्यात कुरआनची प्रत लटकवलेले.

हाच तो आपला नायक, असे म्हणून थांबावेसे वाटते. पण त्याच हकिगतीत लिहिले आहे, की अय्यूब पकडला गेला तेव्हा तो वडिलांच्या सांगण्यावरून दोन गुलाम विकायला आणि कागद विकत घ्यायला नदीकाठी गेला होता. ज्या जहाजाच्या कप्तानाशी त्याचा सौदा फिसकटला, त्याच कप्तानाला पुढे तो स्वतः विकला गेला. हे वाक्य वगळून मी त्याची गोष्ट सांगितली, तर माझ्यात आणि वीम्समध्ये फरक काय?

दुसरे उमर इब्न सईद. फुता तोरो येथे सुमारे १७७० मध्ये जन्मलेले, पंचवीस वर्षे विद्याभ्यास केलेले आलिम. १८०७ मध्ये ते चार्ल्सटन बंदरावर विकले गेले. पुढे नॉर्थ कॅरोलिनात पळून आले आणि पकडले गेले तेव्हा कोठडीच्या भिंतींवर त्यांनी अरबीत लिहिले. १८३१ मध्ये त्यांनी अरबीत आत्मचरित्र लिहिले. अमेरिकेतल्या एका गुलामाने अरबीत लिहिलेले असे दुसरे आत्मचरित्र उपलब्ध नाही. २०१७ पासून ते लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहे. त्याची सुरुवात सूरह अल्-मुल्कने होते. सारी सत्ता, सारी मालकी अल्लाहची, हा त्या सूरहचा आरंभ. मालकाच्या छताखाली बसून, त्याचे आभार मानता मानता, त्याला न कळणाऱ्या भाषेत एका गुलामाने मालकीचाच प्रश्न काढला, असा अर्थ काही अभ्यासक लावतात. उमर यांचा बाप्तिस्मा झाला होता, हीही नोंद आहे. ते शेवटपर्यंत मनाने मुसलमान होते की नव्हते, यावर आपण आपल्या सोयीचे उत्तर लादू नये. त्यांनी लिहिलेले पान आपल्यासमोर आहे, ते वाचावे.

आपल्यापुरते

आपल्याकडेही इतिहासाची पुस्तके, मालिका, सिनेमे आणि मोबाईलवर फिरणारे संदेश यांतून रोज नवा भूतकाळ तयार होतो. त्यातल्या बऱ्याच भूतकाळात मुसलमान हा क्लॅनच्या कादंबरीतल्या कृष्णवर्णीयासारखा रंगवलेला असतो. त्याला उत्तर म्हणून आपणही घाईघाईने एक गोड भूतकाळ रचतो. प्रत्येक सुलतान न्यायी, प्रत्येक सरदार सहिष्णू, प्रत्येक वाईट गोष्ट इंग्रजांनी घुसडलेली. तो ऐकताना बरे वाटते. पण पहिल्याच प्रश्नाला तो कोसळतो आणि सोबत आपल्या खऱ्या म्हणण्यालाही बुडवतो.

म्हणून हल्ली इतिहासाचे कोणतेही खपाऊ पुस्तक हाती घेतले, की मी चार प्रश्न विचारतो. हे लेखकाला कुठून कळले? कोणाची साक्ष त्याने घेतली आणि कोणाची तपासणीविना सोडली? आपल्या नायकाबद्दलची एक तरी अडचणीची गोष्ट त्याने सांगितली आहे का? आणि हेच पुस्तक समोरच्या बाजूने लिहिले असते, तर मला पटले असते का? शेवटचा प्रश्न सर्वात अवघड. माझ्या आवडत्या पुस्तकांपैकी अनेक तिथेच अडखळतात.

भाचे-पुतण्यांना मी आता कुंटा किंटेची गोष्ट सांगतो ती कादंबरी म्हणून. ती तशीही उत्तम आहे. त्यानंतर अय्यूबची सांगतो, दोन गुलामांसकट. मागच्या वेळी धाकट्याने विचारले, "मामू, मग तो चांगला होता की वाईट?" मी म्हटले, तो खरा होता. पोराचे त्याने समाधान झाले नाही. त्याला पुढचे प्रश्न पडले, आणि आम्ही नकाशा काढून बसलो.